लढाईच्या जागी वाढलेलं पान

आमच्या गावातली माणसं घराबाहेर पडायची ती कामापुरती. कोणाचं लग्न, कोणाचं बारावं, कुडाळला कोर्टाची तारीख, नाहीतर जत्रा. आमचे बाबा मात्र आम्हाला घेऊन लढाया बघायला निघायचे. लढाया म्हणजे दोनशे-तीनशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या. शिमगा सरला आणि आंबा उतरायला अजून अवकाश असला, की बाबा ओटीवर बसून जाहीर करायचे, यंदा विजयदुर्ग. किंवा यंदा निवती. आपल्या मुलखात जिथे जिथे लढाई झाली, जिथे अजून तट उभा आहे, ती एकूण एक जागा मरायच्या आधी सहकुटुंब बघायची, असा त्यांनी पणच केला होता म्हणा ना.

सहकुटुंब म्हणजे आम्ही चौघं. बाबा, आई, मी आणि आते. आते म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती आमच्याकडेच राहायची. का राहायची ते पुढे सांगते.

आमचं गाव मालवणपासून आत, खाडीच्या वरच्या अंगाला. भाताची शेती, थोडी आंब्याची कलमं, थोडे काजू. माणसाने शिमग्यानंतर झाडांच्या फांद्यांची कवळं तोडून शेत भाजायची तयारी करावी, तर हे निघाले तोफा बघायला. शेजारीपाजारी बाबांना तोंडावर ‘किल्लेदार’ म्हणायचे. आमच्या आईला भारी राग यायचा. मला यायचा नाही. मला वाटायचं, बरंय की, दुसऱ्या कोणाचा बापूस किल्लेदार आहे?

पण बाबांचं किल्ला बघणं शाळेच्या सहलीसारखं नव्हतं. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे होता. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागायचं. एकाने बोलायचं आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. बाबांचा आवाज त्यासाठीच केलेला होता. खणखणीत, न अडखळणारा, शेवटच्या ‘म्हाराजा’वर असा उचलला जायचा की तोंडून ‘होय’ आपसूक निघे. आणि ‘होय म्हाराजा’ एकदा म्हटलं की ते म्हणणाऱ्याने कबूल केलं. मागे घ्यायची सोय नाही. आमच्याकडे कागदावरच्या सहीला जेवढा मान नव्हता तेवढा त्या शब्दाला होता.

तर बाबा प्रत्येक लढाईच्या जागी गाऱ्हाणं घालायचे आणि वाडी ठेवायचे. वाडी म्हणजे गेलेल्या माणसांसाठी वाढलेलं पान. केळीच्या पानावर भाताचा मुटका, वडा, काळ्या वाटाण्याची उसळ, गुळाचा खडा. पानाभोवती पाणी फिरवायचं, हात जोडायचे आणि मागे न बघता निघून यायचं. मागे बघितलं तर जेवणारा संकोचतो, असं आई सांगायची. घरी आपण आपल्याच माणसांना वाडी घालतो. बाबांचं म्हणणं असं, की लढाईत पडलेल्यांचं काय? कोण कुठला पोर येऊन तटाखाली पडला, त्याच्या घरच्यांना जागासुद्धा ठाऊक नसणार. तट राखला, बुरूज राखला, सरकारने पाटी लावली, पण त्यांची विचारपूस कोणी करायची?

“बा म्हाराजा, आज आमी पोराबाळांसकट तुज्या पायाकडे इलव. ह्या तटाच्या आत नि ह्या तटाच्या भायर जे कोण पडले, आपले पडले, परके पडले, तेंका ही वाडी पावती कर रे म्हाराजा!”

आम्ही तिघी म्हणायचो, “होय म्हाराजा!” त्यात सगळ्यात मोठा आवाज आतेचा.

‘ह्या तटाच्या आत नि ह्या तटाच्या भायर’ हे शब्द बाबा कधी चुकायचे नाहीत. ते कुंपण होतं. गाऱ्हाणं त्या कुंपणाबाहेर जाऊ नये म्हणून घातलेलं. ते का, हे आम्हा तिघींना पक्कं ठाऊक होतं, मला अगदी लहानपणापासून.

आतेचा घोव, म्हणजे नवरा, पलटणीत होता. आमच्या भागातले पुष्कळ तरुण महायुद्धाच्या त्या मोठ्या लढाईत इंग्रजांच्या पलटणीत भरती झाले, त्यातला एक. लग्नानंतर दोन पावसाळे काढले आणि बोटीत चढून इटालीत गेला. लढाई संपली, गावोगावचे परत आले, हा आला नाही. मेला असं कोणी सांगेना. ‘बेपत्ता’ म्हणून कळवलं होतं. शेजारच्या गावातला एक जण त्याच्याच तुकडीत होता. तो येऊन सांगून गेला की नदी ओलांडताना बघितला होता, पलीकडे गेल्यावर दिसला नाही. बस, एवढंच. यावर माणसाने काय समजायचं?

सासरच्यांनी समजायचं ते समजून घेतलं. त्या वर्षीच्या पितृपक्षात म्हाळ घातला तेव्हा दिराने भावाच्या नावाने एक पान वाढलं. आते माजघरात होती. तिला कळलं तशी ती बाहेर आली, ते वाढलेलं पान उचललं आणि गोठ्यात नेऊन गाईपुढे ठेवलं. जिवंत माणसाला वाडी घालता, लाज नाही वाटत, म्हणाली. आणि तशीच भर दुपारी अनवाणी चालत माहेरी आली. आई सांगायची, दारात उभी राहिली तेव्हा कपाळावरचं कुंकू घामाने नाकापर्यंत ओघळलं होतं.

ते कुंकू तिने सोडलं नाही. मंगळसूत्रही सोडलं नाही, हिरव्या बांगड्याही नाहीत. वटपौर्णिमेला सगळ्यांच्या आधी वडाकडे हजर. हळदीकुंकवाला तिला बोलवावं की नाही यावर बायकांची कुजबुज चालायची. काही जणी बोलवायच्या, काही जणी ‘विसरायच्या’. विसरणाऱ्या बायकांची नावं मला अजून पाठ आहेत, सांगणार नाही, पण देवाने त्यांना चांगलं ओळखून असावं. वाडी घातली की तो गेला हे कबूल. तो गेला की कुंकू गेलं. म्हणून आते कोणाच्या तोंडून तसला शब्द निघू द्यायची नाही, आणि बाबा, ज्यांच्या तोंडून गाऱ्हाणी धो धो वाहायची, ते बहिणीपुढे जपून बोलायचे.

आता कोणी म्हणेल, मग असल्या बाईला दरसाल मेलेल्यांच्या जागा दाखवायला कशाला न्यायची? तेही सांगते. बाबा तिला नेत नव्हतेच. पहिल्या वर्षी, मी अगदी लहान होते, सिंधुदुर्गाला निघायचं ठरलं तेव्हा बाबांनी तिला घर राखायला सांगितलं होतं. तीच म्हणाली, मी येते. मालवणच्या धक्क्यावरून होडीत बसलो. किल्ल्यात शिरल्यावर बाकीचे देऊळ बघतात, महाराजांच्या हातापायाचे ठसे बघतात, पाण्याच्या विहिरी बघतात. आते बघत होती ते वेगळंच. झाडलोट कोण करतं? दिवा कोण लावतं? सावली आहे का? पडलेल्या चिऱ्यांवर गवत किती वाढलंय? तिथे राहणाऱ्या एका म्हातारीला तिने गाठलं आणि खोदून खोदून विचारलं. ती रोज दिवा लावते असं कळल्यावर आते एवढी खूष झाली की आमच्या शिदोरीतले निम्मे वडे तिला देऊन मोकळी. आई दिवसभर घुश्शात.

त्या वर्षीपासून तिचं ठरून गेलं. बाबा लढाई बघायचे, आते राखण बघायची. एका किल्ल्यात बकऱ्या बांधलेल्या आणि तटाला लेंड्यांचा खच, तर ही बकरीवाल्याशी अशी भांडली की त्याने घाबरून बकऱ्या सोडल्या. एका ठिकाणी बुरुजावरचे चिरे लोकांनी घराच्या पायाला काढून नेले होते. ते बघून दिवसभर जेवली नाही.

विजयदुर्गाला गेलो ते वर्ष मला लख्ख आठवतं. वाटेत खाड्या, प्रत्येक खाडीवर तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, तरीतून उतरून पुढची यष्टी, ती कधी यायची कधी नाही. मी कंटाळून रडकुंडीला आले होते. पण किल्ला बघितला आणि सगळं विसरले. तटाला तोफेच्या गोळ्यांचे खड्डे आहेत ना, बाबांनी मला उचलून एका खड्ड्यात हात घालायला लावला. आत दगड गार होता. खाली खाडीकडे बोट करून बाबा सांगत होते की आरमार जळालं ते इथेच, पाण्याला आग लागल्यागत दिसलं असणार. आई म्हणाली की पोरीला असलं सांगू नका. गाऱ्हाणं झालं, वाडी ठेवली आणि मागे न बघता निघालो. दरवाज्यातल्या पाटीपाशी आते थांबली. तिला वाचता येत नव्हतं. पाटीवर काय लिहिलंय म्हणून तिने बाबांना विचारलं. बाबांनी सांगितलं, ही वास्तू सरकारने राखलेली आहे, नासधूस करणाऱ्याला शिक्षा होईल.

“दादा,” ती म्हणाली, “तकडे इटालीत पण कोणी असा राखून ठेवला आसात काय रे?”

बाबांनी तिच्याकडे न बघता उत्तर दिलं की ठेवलं असेल, इंग्रज लोक या बाबतीत पक्के. मग घाईघाईने म्हणाले, जे पडले त्यांच्यासाठी, सगळ्यांसाठी काही नाही. आते नुसती “बरा” म्हणाली. 

पुढे फार वर्षांनी, ही दोघंही गेल्यावर, मी कोणाकडे तरी तिकडच्या, इटालीतल्या एका जागेचा फोटो बघितला. हिरवळ कापलेली, ओळीने पांढरे दगड, मध्ये एक झाड. दगडांवर आपल्याकडची नावंही होती म्हणे. तो फोटो मी किती वेळ धरून बसले होते. एवढंच वाटत होतं, हे आतेला दाखवता आलं असतं तर तिने पहिला प्रश्न काय विचारला असता. पाणी कोण घालतं? असंच काहीतरी.

असो. रेडीकडे वळते.

आईचं माहेर शिरोड्याला, त्यामुळे रेडीचा किल्ला आम्हाला सोयीचा. मामाकडे उतरायचं, ताजं नुस्तं, म्हणजे मासे, खायचं आणि दुसऱ्या दिवशी बैलगाडीने रेडी. तिथे वडाच्या मुळ्यांनी भिंतीच्या भिंती आवळून धरल्या होत्या. आते म्हणाली, माणसांनी नाही राखलं तर झाडाने राखलं. किल्ला बघून झाल्यावर बाबा आम्हाला दक्षिणेकडच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर घेऊन गेले. तिथून तेरेखोलचा किल्ला दिसायचा. खाडीच्या मुखाशी, टेकडीवर, लहानसाच. पण त्याच्यावर पोर्तुगेजांचं निशाण. मध्ये नदी नाही, डोंगर नाही, पायाखाली तोच कातळ, तीच करवंदांची जाळी, आणि जरा पुढे गेलं की गोळी घालतील. त्या सुमाराला सरहद्द बंद झाली होती, पोलिस हटकायचे.

“ह्यो परमुलूख,” बाबा म्हणाले. “थय आपल्याक जावक मेळाचा नाय.”

आते कितीतरी वेळ तिकडे बघत राहिली. एवढ्या जवळ परमुलूख असतो हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या हिशोबात परमुलूख म्हणजे बोटीत चढून, दर्या ओलांडून, आणि पुढे काय ते विचारूच नये. बाबांच्या मनाला मात्र ती जागा टोचत राहिली. एक एक करून आसपासचे सगळे किल्ले झाले, तेरेखोल तेवढा राहिला. घरी जेवताना मध्येच म्हणायचे, तेरेखोल राहिला गो. आई म्हणायची, राहू दे, तुम्हाला गोळ्या खाऊन दाखवायच्या आहेत का?

आणि मग गोवा सुटला. सैन्य गेलं, दोन दिवसांत कारभार आटपला. इन्सुलीच्या नाक्यावरून माणसं हसत खेळत पलीकडे जाऊन आली, कोणी काजूची बाटली आणली, कोणी नुसतीच माती. आमच्या बाबांनी शिमगा होईपर्यंत कसाबसा दम धरला.

सुटल्यानंतरच्या पहिल्या शिमग्यानंतर आम्ही तेरेखोलला गेलो. शिरोड्याहून मामाची बैलगाडी घेतली. बाबा वाटेत पोरासारखे उड्या मारत होते. सड्यावर पूर्वी जिथे थांबायचो ती जागा आली तशी गाडी थांबवली, खाली उतरले आणि चालत पलीकडे गेले. मग मलाही उतरवलं. काहीसुद्धा वेगळं नव्हतं. आते गाडीतून उतरून तिथला कातळ पायाने चाचपून बघत होती. मला हसू आलं. तिने डोळे वटारले.

किल्ल्यात मध्ये लहानशी इगर्ज, म्हणजे त्यांचं देऊळ. पांढरी, स्वच्छ. राखणीला एक म्हातारा ख्रिस्तांव होता. आते त्याच्यावर बेहद्द खूष. अंगण झाडलेलं, मूर्तीपुढे मेणबत्ती, कोपऱ्यात पाण्याची घागर झाकून ठेवलेली. त्याची भाषा आम्हाला कळायची, आमची त्याला. त्याने सांगितलं की इगर्जेच्या अंगणात पान ठेवू नका, बाहेर तटाखाली समुद्राकडे कातळ आहे, तिथे काय ते करा. मग आम्ही तिथे गेलो. खाली नदी समुद्राला मिळत होती, पलीकडे केरी गावची वाळू. वारा एवढा की पानावर दगड ठेवावे लागले.

बाबांनी गाऱ्हाण्याला हात जोडले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. नेहमीसारखं सुरू केलं, ह्या तटाच्या आत नि ह्या तटाच्या भायर. आम्ही ‘होय’ म्हटलं. मग जे आपले पडले. ‘होय’. इथे बाबा थांबले. एवढ्या वर्षांत ‘परके पडले’ म्हणून पुढे जायचे, पण त्या दिवशी त्या झाडलेल्या अंगणाने म्हणा, त्या म्हाताऱ्याने म्हणा, त्यांचं मन भरून आलं होतं. परके म्हणजे कोण, हे त्यांना प्रथमच दिसत होतं. पोर्तुगालातून आलेली पोरं, इथल्या तापाने नि गोळ्यांनी मेलेली, आई-बायकोला कळलंसुद्धा नसेल.

“आणि म्हाराजा,” बाबा म्हणाले, आवाज पार आभाळापर्यंत चढवून, “जे कोण आपला घर सोडून सात समुद्रापलीकडे परमुलखात लढाक गेले, थयच पडले, जेंची बायकामाणसा दारात वाट बघीत रवली, तेंका आज ही वाडी पावती कर रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

आई म्हणाली, मी म्हणाले. आणि सगळ्यात मोठ्याने, नेहमीसारखी, आते म्हणाली.

म्हटलं आणि मगच कळलं. चौघांनाही एकाच वेळी. बाबांचे जोडलेले हात तसेच राहिले.  मी आतेकडे बघितलं, तिचं तोंड अजून उघडं होतं.

बाबा खाली बसले. मग बोलायला लागले. तसलं अडखळत बोलणं मी माझ्या आयुष्यात त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. म्हणाले, मी पोर्तुगेजांसाठी म्हटलं, देवाशप्पथ, माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. आईने लगेच री ओढली. तिने तर कायदाच काढला. ही जागा काल-परवापर्यंत परमुलूख होती, आता आपली आहे, मग इथे उभं राहून परमुलखाचं गाऱ्हाणं लागूच कसं होईल? फुकट गेलं ते. परत घाला, नीट घाला. मला त्याही परिस्थितीत आईचं कौतुक वाटलं. कोर्टात उभी राहिली असती तर केस जिंकली असती.

आते काही ऐकत नव्हती. ती त्या पानाकडे बघत होती. मग शांतपणे म्हणाली, एवढ्या शांतपणे की मला तिची भीती वाटली,

“दादा, तू कोणासाठी म्हटलंस ता माका म्हायत आसा. मी कोणासाठी ‘होय’ म्हटलंय, ता माका म्हायत आसा.”

बाबा लहान मुलासारखे रडले. भर दुपारी, उन्हात, त्या कातळावर बसून. मी बापाला रडताना प्रथम बघत होते आणि मला इतका राग आला, इतका राग आला, कोणावर ते मात्र सांगता येत नव्हतं. देवावर असेल. इटालीतल्या त्या नदीवर असेल.

आते पानाजवळ गेली. आम्हाला वाटलं, नमस्कार करील. तिने वाकून पान नीट बघितलं, वडा, वाटाण्याची उसळ, गूळ, आणि तिचा नेहमीचा आवाज परत आला.

“ह्या ते जेवचे नाय,” ती म्हणाली. “नुस्त्याशिवाय तेंका घास उतरणा नाय. फुडल्या वर्सा मी करून घेऊन येतलंय.”

बस. निघाली. मागे न बघता.

ते वर्ष घरात कोणी कोणाला काही विचारलं नाही. कुंकू तिच्या कपाळावर होतं. गावात कसं कोण जाणे, पण पसरलं. आम्ही तिघं तर बोललो नव्हतो, तीच कोणाला बोलली असेल. मग येऊन येऊन बायका विचारायला लागल्या, आता काय ते करून टाकायला नको का? एक भावकीतली काकी तर चार जणींना घेऊन आली, बांगड्या फोडायची वेळ ठरवायला. आते भात सडत होती. मुसळ हातात धरूनच तिने सांगितलं, अजून ते जेवले नाहीत, जेवल्याशिवाय मी उठायची नाही. काकी म्हणाली, म्हणजे काय? आते म्हणाली, तुझा घोव जेवायच्या आधी तू पानावरून उठतेस का? तर काकी चौघींना घेऊन आली तशी परत गेली. मुसळाकडे बघून गेली असं आई म्हणायची, पण मला ते खरं वाटत नाही. 

पुढच्या शिमग्यानंतर आम्ही पुन्हा शिरोड्याला. एकच जागा दोनदा बघायची हे बाबांच्या नियमात नव्हतं, पण त्या वर्षी ते गाडीच्या मागे मुकाट्याने चालले. सकाळी आते किनाऱ्यावर रापणीवर गेली, जाळं ओढून होईपर्यंत वाळूत उभी राहिली आणि स्वतः बांगडे निवडून आणले. मामीला चुलीजवळ येऊ दिलं नाही. तिरफळं घालून तिखलं केलं, जाड, मडक्याच्या बुडाशी आटवलेलं. उकड्या तांदळाचा भात. सोबत कापलेला कांदा. घरभर असा वास सुटला की माझ्या तोंडाला पाणी आलं आणि मला माझीच लाज वाटली.

बाबांनी एकदा तोंड उघडलं होतं. वाडी नुस्त्याची करायची म्हणजे, आपल्यात पद्धत, असं काहीतरी. आईने नुसतं बघितलं आणि त्यांनी गाडीला बैल जुंपायला घेतले.

तेरेखोलचा तो म्हातारा अजून होता. त्याने आतेला ओळखलं. काही न विचारता झाकलेली घागर उचलून आणली आणि तटाखाली ठेवून गेला. आम्ही त्याच कातळावर. त्या दिवशी बाबांनी गाऱ्हाणं घातलं नाही. घालू का, विचारलं, तर आते म्हणाली, आता काय मागायचंय?

तिने पान मांडलं. भात वाढला, तिखलं वाढलं, कांदा ठेवला. पाणी फिरवलं. आम्ही हात जोडले आणि रिवाजाप्रमाणे पाठ करून निघालो. थोडं वर गेल्यावर लक्षात आलं, आते आलेली नाही. मी मागे बघितलं. बाबांनी मला ओढलं, पण मी बघितलंच.

आते पानासमोर मांडी घालून बसली होती. बांगड्याचे काटे काढत होती. एकेक तुकडा बोटांनी सोडवायची, काटा बाजूला, मासा भाताला लावून. आते कमी बोलायची असं कोणी म्हणणार नाही, पण त्या वेळी ती काय बोलत होती ते वाऱ्यामुळे आमच्यापर्यंत आलं नाही. बोलत होती एवढं दिसलं. मध्येच हसलीसुद्धा. कावळे तटावर जमले होते, पण ती होती तोवर एकही खाली उतरला नाही. आई तटाला टेकून पदराने डोळे पुशीत होती. बाबा समुद्राकडे तोंड करून उभे राहिले.

बऱ्याच वेळाने ती उठली. घागरीतलं पाणी ओंजळीत घेऊन हात धुतले, मग तोच ओला हात कपाळावरून फिरवला. एकदाच. घासून पुसून नाही, दुपारचा घाम टिपावा तसा. बांगड्या एकेक करून काढल्या, फोडल्या नाहीत, आणि वर येऊन माझ्या हातात दिल्या. मला मोठ्या होत होत्या.

“जेवले,” ती बाबांना म्हणाली. “चल.”

गाडीत ती आमच्यासारखी पुढे तोंड करून बसली नाही. मागच्या बाजूला, पाय खाली सोडून, तोंड किल्ल्याकडे. वाडी घातल्यावर मागे बघायचं नसतं, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. ती सड्याच्या टोकापर्यंत बघत होती. बाबा बैलांच्या बाजूने चालत होते. त्यांनी एकदाही बैलांना ‘चल’ म्हटलं नाही. बैलच ते, कोणी हाकत नाही म्हटल्यावर रेंगाळत, वाटेतलं गवत खात चालले, आणि किल्ला दिसेनासा व्हायला त्या दिवशी फार वेळ लागला.